बोटीची ‘काच’ आणि थिनरचा बोळा



या अंकासाठी मी शेळ्यांच्या लसीकरणावर लिहायचं ठरवलं होतं, टाचणही काढून झालं होतं. पण गेल्या महिन्यात सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या आपल्या एका गटाच्या मासिक सभेला बसले आणि तिथे आयत्या वेळच्या विषयात एक ठराव झाला. ‘ताईंच्या सांगण्यावरून आपल्या बोटीची काच गेली, तरी नेमकं काय चुकलं ते ताईंनी वार्तापत्रात लिहावं, म्हणजे दुसऱ्या गटाची जाणार नाही.’ सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर. इतिवृत्ताच्या वहीत माझं नाव असं पहिल्यांदाच आलं. तर शेळ्या पुढच्या अंकात.

हा गट दहा जणींचा. पर्यटकांना खाडीत फिरवायला त्यांनी बँकेचं कर्ज काढून फायबरची जुनी बोट घेतली आहे, मागे इंजिन, पुढे चालवणारीच्या समोर काच. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका कांदळवन सफर घडवतात हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. तिथे होडी वल्ह्याने चालते, त्यामुळे समोर काच लागत नाही. इंजिनाच्या बोटीला लागते. वेग घेतला की पाण्याचे तुषार थेट तोंडावर येतात, खारं पाणी डोळ्यांत गेलं तर पुढचं काही दिसत नाही.

पावसाळ्यात बोट वर ओढून ठेवलेली होती. हंगाम सुरू होण्याआधी रंग काढायचा ठरला. रंगारी कॉम्प्रेसर घेऊन आला आणि त्याने स्प्रेने रंग मारला. काचेवर वर्तमानपत्राचे कागद लावले होते, पण फक्त बाहेरच्या बाजूने, तेही चार ठिकाणी टेप मारून. दुपार झाली, समुद्राकडचा वारा सुटला. कागद फडफडले, एक निघून गेला. संध्याकाळी बघतात तर तिन्ही काचांवर पांढरे बारीक ठिपके, रांगोळी चाळणीने गाळावी तसे.

मी त्या वेळी तालुक्याला आढावा बैठकीत होते. बोट चालवणाऱ्या वहिनींनी मोबाईलवर फोटो पाठवला आणि विचारलं, काय लावू? मी फोटो बघितला, काचेवर रंग आहे एवढं दिसलं. टेबलाखाली मोबाईल धरून लिहिलं, ‘थिनर लावा, लगेच निघेल.’ रंगाऱ्याचं थिनर तिथेच उरलेलं होतं. वहिनींनी कापसाचा बोळा भिजवून मधली आणि डावी काच पुसून काढली. ठिपके गेले. मला अंगठ्याचं चित्र आलं. मीही खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हानंतर फोन आला. जिथे जिथे बोळा फिरला होता तिथे काच दुधाळ झाली होती, आणि स्क्रूंच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उठल्या होत्या. मी पोचले तेव्हा गटातल्या सगळ्यात मोठ्या काकी काचेवर नख वाजवत उभ्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “अगो बाय, ही काच न्हय. पिलास्टिक आसा.”

सगळी चूक त्या एका वाक्यात आली. आपण बोटीच्या पुढच्या भागाला ‘काच’ म्हणतो, म्हणून मी काचेचा उपाय सांगितला. रिक्षाची काच, चष्म्याची काच, हेल्मेटची काच, सोलर ड्रायरची काच, सगळ्यांना आपल्याकडे शब्द एकच. वस्तू मात्र वेगवेगळ्या. रिक्षाच्या पुढची खरी काच असते. हेल्मेटची बहुतेक वेळा पॉलीकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची. सोलर ड्रायरला काही ठिकाणी काच, काही ठिकाणी पॉलीकार्बोनेट. आणि लहान बोटींना पुष्कळदा ऍक्रिलिक, म्हणजे दुकानांच्या चमकत्या पाट्या ज्याच्या करतात ते.

बोटीला प्लास्टिक का लावतात? वजनासाठी. एक चौरस मीटर आणि सहा मिलिमीटर जाडीची खरी काच साधारण 15 किलो भरते, तेवढंच ऍक्रिलिक सात किलोच्या आसपास. शिवाय ते बोटीच्या आकाराप्रमाणे वाकवता येतं, त्यातून उजेड काचेइतकाच आरपार जातो, आणि लाट आदळली तर काचेसारखा चुरा होऊन अंगावर येत नाही. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या खिडक्यांना हेच ऍक्रिलिक वापरलं होतं. म्हणजे वस्तू कमअस्सल नाही. फक्त तिचा स्वभाव काचेचा नाही.

थिनरने काय होतं तेही सांगते, कारण ‘लावू नका’ एवढंच सांगितलं तर घाईच्या वेळी आपण लावतोच. नेलपॉलिश काढायचं पाणी प्लास्टिकच्या फणीवर सांडलं तर फणी पांढरी आणि चिकट होते, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यात बहुतेक वेळा ऍसिटोन असतं. रंगाच्या थिनरमध्येही त्याच जातीची द्रावणं असतात. खऱ्या काचेत ती शिरत नाहीत, वरच्या वर राहतात आणि फक्त रंग विरघळवतात. ऍक्रिलिकमध्ये ती आत शिरतात. बोटीवरचं ऍक्रिलिक वाकवून, स्क्रूने आवळून बसवलेलं असतं, त्यामुळे त्यात आधीच ताण असतो. द्रावणाने ते सैल पडलं की तो ताण बारीक भेगांच्या रूपाने बाहेर येतो. म्हणून भेगा आधी स्क्रूच्या भोवती आणि वाकाच्या जागी दिसतात. आणि त्या लगेच दिसतील असं नाही. काही तासांनी, दुसऱ्या दिवशी ऊन लागल्यावरही उठतात. वहिनींनी मला अंगठ्याचं चित्र पाठवलं तेव्हा काच खरंच स्वच्छ दिसत होती, त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

या भेगा घासून जात नाहीत. वरच्या थराला असत्या तर पॉलिशने गेल्या असत्या, पण त्या आत उतरलेल्या असतात. आमची मधली आणि डावी काच गेली ती गेलीच.

आता कोणी म्हणेल, थोडी धुरकट काच, त्यात एवढं काय. मीही पहिल्यांदा मनात तेच म्हटलं, खरं सांगते. मग वहिनींनी मला सूर्य खाली गेल्यावर बोटीत बसवून खाडीच्या मुखाकडे नेलं. पश्चिमेकडे तोंड. उन्हाची तिरीप त्या भेगांवर पडली आणि समोर सगळं पांढरं. जाळ्यांचे बोये, मध्येच येणारी कोणाची होडी, ओहोटीला उघडी पडलेली वाळू, काही दिसेना. वहिनी उभ्या राहून काचेच्या वरून बघत बोट चालवत होत्या. मागे आठ माणसं बसलेली असताना आणि एखादं पोर कडेला वाकलेलं असताना असं उभं राहून चालवायचं का? त्यांनीच संध्याकाळच्या फेऱ्या बंद केल्या. पर्यटक सगळ्यात जास्त संध्याकाळीच येतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला जातो.

आधी ओळख

तर कसलाही बोळा हातात घेण्याआधी ती वस्तू काय आहे ते ओळखायचं. काकींची पद्धत सगळ्यात सोपी: नख किंवा नाणं हलकेच वाजवा. काच ‘टण्’ वाजते, प्लास्टिकचा आवाज बसका येतो. मग सावलीत हाताची मागची बाजू टेकवा. काच गार लागते, प्लास्टिक तितकं नाही. कड उघडी असेल तर ती बघा. साध्या काचेची कड हिरवट दिसते. स्क्रू थेट त्यातूनच आरपार गेलेले असतील तर बहुधा प्लास्टिक. कडक केलेल्या काचेच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा बारीक शिक्का उमटवलेला असतो. आणि जुन्या वस्तूवर पुसून पुसून उठलेले गोल गोल बारीक ओरखडे असतील तर तेही प्लास्टिकचंच लक्षण.

एवढं करूनही शंका उरली तर प्लास्टिक समजूनच वागा. प्लास्टिकचा उपाय काचेला केला तर वेळ जातो, बाकी काही नाही. उलटं केलं तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. प्लास्टिकमध्येही ऍक्रिलिक की पॉलीकार्बोनेट हे आपल्याला सहज कळत नाही, पण थिनर, ऍसिटोन, पेट्रोल आणि अमोनियाचं काच पुसायचं निळं पाणी दोन्हींना वर्ज्य. फोटोवरून मात्र कधी ठरवू नका. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात.

उजवी काच कशी वाचली

उजव्या काचेला वहिनींनी बोळा लावलेला नव्हता, कापूस संपला होता म्हणून. तिच्यावर ठिपके तसेच होते. ती काच काकी, वहिनी आणि मी मिळून दोन सकाळी बसून साफ केली. जसं केलं तसं सांगते.

पहिल्यांदा बोटीवर ताडपत्री ताणून सावली केली. तापलेल्या प्लास्टिकवर काहीच करायचं नाही, साबणाचं पाणीही लगेच वाळतं आणि डाग धरतं. मग गोड्या पाण्याच्या भरपूर बादल्या ओतल्या, नुसत्या ओतल्या, पुसलं नाही. काचेवर मिठाचे कण आणि वाळू असते. कोरडं फडकं फिरवलं की तीच वाळू आपण काचेवर घासतो. रंगाच्या ठिपक्यांपेक्षा या ओरखड्यांनी काच लवकर निकामी होते.

मग बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोनतीन थेंब. स्वच्छ, मऊ सुती फडकं, जुन्या धोतराचं किंवा बाळाच्या दुपट्याचं असेल तर उत्तम. शिलाईची जाड कड नको, चेन-बटणं नकोत. इथे काकींनी सवयीने नारळाची शेंडी उचलली होती, ती मी हातातून काढून घेतली. माझ्याकडून एवढं तरी बरोबर झालं. शेंडी, राख, तारेची किंवा हिरवी घासणी, कपडे धुण्याची पावडर, यातलं काही नको. आपल्याला घासून चकचकीत करायची सवय आहे, पण पातेलं वेगळं आणि हे वेगळं.

साबणाच्या पाण्याने थोडेच ठिपके निघाले. रंग उडाल्यानंतर पहिल्या काही तासांत हे केलं असतं तर बरेच निघाले असते. हवेतून येणारा रंगाचा थेंब वाटेतच अर्धा सुकतो, त्यामुळे तो काचेला नीट पकडत नाही, वर बसून राहतो. जसजसे दिवस जातात तशी पकड घट्ट होते. म्हणून ‘रंगकाम सगळं संपू दे, मग बघू’ असं करायचं नाही.

मोठे ठिपके होते ते वहिनींनी जुन्या, बंद पडलेल्या एटीएम कार्डाच्या कडेने काढले. काच ओली आणि साबणाने बुळबुळीत ठेवून, कार्ड जवळजवळ आडवं धरून, अलगद ढकलत. लोखंडी पातं प्लास्टिकला चालत नाही, कितीही जपून धरलं तरी.

बारीक ठिपके राहिले. ते डोळ्यांना दिसत नव्हते इतके बारीक, पण हाताला वाळूसारखे खरखरीत लागत होते. यासाठी एक युक्ती आहे: हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि पिशवीतल्या बोटांनी काचेवरून हात फिरवा. खरखर दुप्पट जाणवते. आम्ही गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून क्ले बार आणला होता. ही एक मऊ वडी असते, मुलांच्या खेळायच्या मातीसारखी. त्यातही सगळ्यात मऊ प्रकार मागून घ्यायचा. एक तुकडा तोडून हातात मळायचा, पोळीच्या उंड्यासारखा चपटा करायचा. काचेवर साबणाचं पाणी भरपूर मारायचं आणि वडी दाब न देता पुढे-मागे सरकवायची, वीतभर जागेतच. ठिपका काचेच्या पातळीच्या वर आलेला असतो, तो वडीत अडकतो आणि सुटून येतो. पहिल्यांदा सरकताना खरखर लागते, मग हळूहळू हात गुळगुळीत जातो. हात गुळगुळीत गेला की ती जागा झाली. वडी मळकी दिसली की घडी करून आतली स्वच्छ बाजू वर आणायची. पाणी सुकू द्यायचं नाही. आणि वडी वाळूत पडली तर धुऊन वापरायच्या भानगडीत न पडता फेकून द्यायची. आमची एक पडली, काकी म्हणाल्या धुऊन घेऊ, मी नको म्हटलं. महाग वाटतं, पण काचेपेक्षा स्वस्त.

पोळीचा उंडा हातात बसलेल्या बायकांना हे काम शिकवावं लागत नाही. माझ्यापेक्षा वहिनींचा हात कितीतरी हलका चालत होता.

वरच्या कोपऱ्यात जाड थर बसला होता तो वडीलाही जुमानेना. तिथे मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं, निम्मं पाणी मिसळून. आधी रबराखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली. काही झालं नाही, मग पुढे गेलो. फडक्याला लावायचं, काचेवर ओतायचं नाही. एका ठिपक्यावर काही सेकंद, लगेच पुसायचं, लगेच साबणाच्या पाण्याने धुवायचं. जास्त वेळ राहिलं तर हेही ऍक्रिलिकला त्रास देतं, म्हणून संयम हवा. हाताला लावायचं सॅनिटायझर चालेल का, असं वहिनींनी विचारलं. नको. त्यात इतरही पदार्थ असतात आणि अल्कोहोलही दुसऱ्या जातीचं असू शकतं.

ऍक्रिलिक आहे अशी खात्री असेल तर रॉकेलनेही तेलकट रंगाचा ओला डाग निघतो, ऍक्रिलिकला ते मानवतं. नंतर साबणाने नीट धुवायचं. पण बोटीत पेट्रोलची टाकी असते हे विसरू नका. रॉकेल असो की अल्कोहोल, उघड्या हवेत, थोडंसंच, आणि आसपास विडी-काडी नाही.

शेवटी प्लास्टिकसाठी मिळणारं पॉलिश मऊ कापडाने हाताने फिरवलं, मशीन नाही. मशीनने प्लास्टिक तापतं, आणि ऍक्रिलिक 100 अंशांच्या आसपासच मऊ पडतं. त्याच कारणाने उकळतं पाणी किंवा गरम हवेचं यंत्रही वापरू नका. पॉलीकार्बोनेटच्या काचेवर बहुधा संरक्षक थर असतो, पॉलिशने तो जातो, म्हणून तिथे पॉलिश नकोच.

रंग कोणता होता हेही विचारून घ्या. साधा ऑइलपेंट असेल तर वर सांगितलेलं बरंच लागू पडतं. पण फायबरच्या बोटींना हल्ली दोन डब्यांचा रंग मारतात, एका डब्यात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर. हे दोन्ही एकत्र आले की रंग नुसता वाळत नाही, आतून पक्का होतो, दही लागल्यावर परत दूध होत नाही तसं. असा पक्का झालेला रंग द्रावणाने विरघळत नाही. तिथे वडी आणि धीर, दुसरं काही नाही.

खरी काच असेल तर काम सोपं आहे. साबणाचं पाणी मारून काच ओली ठेवायची, नवं कोरं ब्लेड होल्डरमध्ये घालून काचेला तिरपं, जवळजवळ आडवं धरायचं आणि एकाच दिशेने ढकलायचं. मागे ओढायचं नाही, उचलून परत सुरुवातीला आणायचं. आधी एका कोपऱ्यात करून बघायचं, कारण काही कडक काचांवर ब्लेडनेही ओरखडे येतात. थिनर काचेला चालतं, पण ते फडक्यालाच लावा. चौकटीचं रबर, फायबर आणि नुकताच दिलेला रंग यांना ते लागलं तर तिकडचं काम वाढतं.

रंगाच्या आधी

खरं तर हे सगळं दोनतीन मीटर प्लास्टिकने टळलं असतं. काच दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या कागदाने झाकायची आणि कडा सलग मास्किंग टेपने बंद करायच्या. मध्ये मध्ये चार तुकडे लावून उपयोग नाही, फवारा फटीतून आत जातो. वर्तमानपत्र ओलं होतं, उडतं. टेप त्याच दिवशी काढायची, उन्हात राहिली की तिचा डिंक काचेवर बसतो आणि तो काढायला पुन्हा नवा उद्योग. स्प्रेचं काम सकाळी लवकर उरकायचं. किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून वारा येणार हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, पण रंगाऱ्याला वेळ देताना आपण ते विसरतो. शेजारी कोणाची बोट, गाडी किंवा वाळत घातलेली मासळी असेल तर तीही बघा.

रंगाऱ्याशी बोलताना ‘काच, इंजिन आणि चौकट झाकून देणार, डाग पडला तर त्याच दिवशी साफ करून देणार’ एवढी एक ओळ कागदावर लिहून सही घ्या. आमच्या गटाने ती घेतली नव्हती. रंगाऱ्याचं म्हणणं, ठिपके माझे, भेगा तुमच्या. आणि भेगांबद्दल तो खोटं बोलत नव्हता.

आणखी एक. बोटीच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग देतात त्यात बहुधा तांब्याची संयुगं असतात. तो घासताना, फवारताना तोंडाला नीट मास्क हवा, ओढणी पुरत नाही. रंगाची, थिनरची फडकी आणि धुतलेलं पाणी खाडीत सोडू नका. आपणच तिथे तिसऱ्या आणि कालवं काढतो. फडक्यांचे बोळे करून कोपऱ्यात कोंबूही नका, ऑइलपेंटची फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवायची.

नव्या काचांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मधली आणि डावी शीट दुकानाच्या पाट्या करणाऱ्याकडून जुन्या मापाने कापून आणली. बसवताना एक गोष्ट कळली: ऍक्रिलिक उन्हात काचेच्या सातआठपट प्रसरतं, म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवायचं आणि स्क्रू करकचून आवळायचा नाही. आमच्या जुन्या काचेचे स्क्रू चांगलेच आवळलेले होते. खर्च गटाच्या निधीतून झाला. मी निम्मे देते म्हटलं होतं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि सभेपुढे ठेवलं. सभेने पैसे नाकारले आणि मग हा लेखाचा ठराव आला. लेख लिहिणं पैशांपेक्षा जड जाणार हे त्यांना बहुतेक माहीत होतं.

संध्याकाळच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. वहिनी आता बसून बोट चालवतात. भेगाळलेली मधली काच फेकलेली नाही, ती जेट्टीजवळच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. काहीही नवीन लावायचं झालं की आधी तिच्या एका कोपऱ्यात लावून दुसऱ्या दिवशीपर्यंत बघतात. क्ले बारचा उरलेला तुकडाही डब्यात ठेवला आहे. कोणत्या गटाला हात बसवून बघायचा असेल तर मला किंवा तुमच्या सीआरपीला सांगा, ओहोटीची वेळ बघून जाऊ.